आधी खडा, मग माणूस

शेळगावात समुद्राचा विषय निघायचं तसं काही कारण नव्हतं. निम्म्या गावानं समुद्र पाहिला होता तो कॅलेंडरवर. पण हौसेला मोल नसतं म्हणतात. सत्त्याण्णवच्या एप्रिलात अविराजनं पुण्याहून एक रंगीत पत्रक आणलं आणि दुपारच्या जेवणाला सगळे बसले असताना ते मधोमध ठेवलं. पत्रकावर निळंशार पाणी होतं, आणि पाठीला टाकी बांधून माशांच्या थव्यातून पोहत चाललेली एक बाई.

"लक्षद्वीप," तो म्हणाला. "डाळिंबाची तोडणी उरकली की ऑक्टोबरात जायचं. मी आणि सुप्रिया. याला स्कूबा म्हणत्यात."

त्याच्या आईनं, फुलाबाईंनी, डोळे बारीक करून पत्रक पाहिलं. "आन् ही बया पाठीला पंप लावून पाण्यात फवारणी कराय निघाली का काय?"

सुप्रियाला ठसका लागला, इतकं हसू आलं. लग्नाला पाच महिने झाले होते आणि या घरात ती पहिल्यांदाच अशी मोकळी हसली. लग्न टोमॅटोच्या ऐन हंगामात झालेलं. नवराबायको जेजुरीपलीकडे कुठं गेले नव्हते. त्याआधी चार वर्षं ती बारामतीत एका दवाखान्यात नर्स होती. जखमा शिवल्या होत्या, प्लास्टरं घातली होती. भुताखेतांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

सासरे मात्र हसले नाहीत. झुंबरतात्यांनी पत्रक उचललं, त्या बाईच्या तोंडातून वर जाणाऱ्या बुडबुड्यांवर बोट ठेवलं आणि ते तसंच ठेवून बराच वेळ पाहत राहिले.

"माणसाचं तळाला काय काम?" एवढंच म्हणाले आणि हात धुवायला उठले.

पुण्याच्या मित्रानं अर्ज पाठवले होते. दोनशे मीटर पोहता आलं पाहिजे, डॉक्टरचा दाखला पाहिजे, परवान्यासाठी फोटो आणि शरीरावरच्या ओळखीच्या खुणा पाहिजेत. सुप्रियानं दोन्ही अर्ज आपल्या गोल अक्षरात भरले. तिच्या हनुवटीवर तीळ होता, तो लिहिला. अविराजच्या अंगावर खूण म्हणून काही सापडेना. पाठ, दंड, गुडघे, सगळं शोधून झालं. शेवटी ती जागा कोरीच ठेवली. नंतर भरू म्हणाली.

आता प्रश्न होता पोहण्याचा. पोहायला शिकायचं तर पाण्यात पडावं लागतं, आणि पाणी होतं ते घरामागच्या विहिरीत. मोटेच्या काळातली दगडी विहीर ती. एका अंगानं पायऱ्या, वर कडुनिंबाखाली झुंबरतात्यांची बाज. मे महिन्यातही दोन पुरुष पाणी टिकून असायचं. दुपारी बारा ते दोन लाईट नसायची, म्हणजे मोटर बंद, म्हणजे विहीर मोकळी. तेवढ्या वेळात अविराज सुप्रियाच्या कमरेला पत्र्याचा डबा बांधून तिला पायरीपाशी हातपाय मारायला शिकवायचा. तिचं झालं की तो स्वतः तळाला बुडी मारायचा. पाठीवर टाकी असली की दम कोंडायची गरज नसते, असं पत्रकात स्वच्छ छापलेलं होतं. पण टाकीवर त्याचा विश्वास नव्हता. "पंप ऐन वेळी चोंदतो का न्हाय? मग टाकीचं काय सांगावं? आपला दम आपल्याजवळ पायजे."

त्यानं नवीन घड्याळ घेतलं होतं, पाण्यात चालणारं. ते काठावर सुप्रियाच्या हातात द्यायचा आणि तिनं सेकंद मोजायचे.

पहिल्या दिवशी तो उडी मारणार तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा." आणि वावरातून उचललेली एक पांढरी गारगोटी तिनं विहिरीत टाकली. बारामतीला कालव्यात भावांना पोहायला शिकवताना तिच्या वडिलांचा हाच नेम होता. आधी खडा, मग माणूस. पाण्यात साप असो, जलदेवता आसरा असोत, खाली जे कुणी असेल त्याला कळावं की कुणीतरी येतंय, आणि त्यानं बाजूला व्हावं. तिचा आसरांवर विश्वास नव्हता, पण वडिलांवर होता.

"आमच्यात खडा टाकत न्हाईत," अविराज हसून म्हणाला. "अख्खा गाव टाकतो, पर ह्या हिरीत आबा टाकू देत न्हाईत. लहानपणी टाकला म्हणून चाबकानं फोडलं होतं मला."

"का?"

"कुणाला ठाऊक. टाक तू. आबा हितं न्हाईत." झुंबरतात्यांची बाज रिकामी होती.

त्यानं उडी घेतली. पन्नास सेकंदांनी वर आला तो डावा हात झटकत. तर्जनीचं नख चेचलं होतं, मुळापासून काळंनिळं. कपारीला लागलं म्हणाला. सुप्रियानं बोट बांधलं. कपारीला लागलं तर खरचटतं. हे बोट दगडावर ठेवून वरून दुसरा दगड घातल्यासारखं दिसत होतं. असेल बाई, असं म्हणून तिनं गाठ मारली.

तिसऱ्या दिवशी तिनं पुन्हा गारगोटी टाकली. या खेपेला एक मिनिट गेलं, दोन गेली. सुप्रिया उभी राहिली. अडीच मिनिटांनी पाणी फुटलं आणि त्याचं डोकं वर आलं. उजवी भुवई फाटून रक्त गालावर, गळ्यावर उतरत होतं, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

"किती झालं? अर्धा मिनिट?"

"अडीच!"

"चल, कायतरीच." मग पायरीवर बसून तो विहिरीच्या तोंडाकडं पाहत म्हणाला, "वर कोण भांडत होतं गं? तळाला सगळं ऐकू येतं. दोन गडी, पार हमरीतुमरीवर आलेले."

काठावर ती एकटी होती. कडुनिंबाचं पानही हलत नव्हतं. तिनं भुवईला चार टाके घातले.

त्या दिवशी झुंबरतात्या जेवायला बसले आणि मुलाचं कपाळ पाहून भाकरीचा तुकडा त्यांच्या हातातच राहिला. त्यांनी अविराजचा डावा हात ओढला, पट्टी सोडून नख पाहिलं.

"खडा कुणी टाकला?"

त्यांनी ताट भिंतीवर भिरकावलं. आमटीचे ओघळ खाली उतरत असताना त्यांनी अविराजच्या मुस्काटात मारली. सत्तावीस वर्षांच्या पोराला, बायकोदेखत. भुवईचे टाके पुन्हा ओले झाले.

"हिरीत उतरशील तर तंगडं तोडीन!"

अविराजही त्यांचाच पोरगा. मला अडवणारे तुम्ही कोण, म्हणाला आणि दोन दिवसांनी बरोबर बाराला विहिरीवर गेला. सुप्रिया मागोमाग गेली. तिला त्याला अडवायचं होतं. अडवता आलं नाही, तेव्हा निदान एवढं तरी करावं म्हणून तिनं तिसरी गारगोटी टाकली. आपण त्याची राखण करतोय, असंच तिला वाटत होतं.

चार मिनिटं दहा सेकंद. चौथ्या मिनिटाला ती ओरडायला लागली होती. तो वर आला तेव्हा कानामागून रक्ताची धार लागली होती, आणि तो विचारत होता, "बांबूनं कोण ढोसत होतं?"

दुसऱ्या दिवशी अविराजला ताप होता. सुप्रियानं त्याला गोळी देऊन झोपवलं आणि अंगणात सासूच्या हाताखाली कुरडया घालायला बसली. फुलाबाई साच्यातून चीक दाबत होत्या. वर न बघताच त्यांनी विचारलं, "कानामागं लागलंय का त्याला?"

"तुम्हाला कुणी सांगितलं आत्या?"

साचा थांबला.

"पयला बोटावर," फुलाबाई म्हणाल्या. "दुसरा भुवईवर. तिसरा कानामागं."

"काय ते?"

"दगूड." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "म्हस्कूभावजी. ह्यांचं थोरलं भाऊ. बाहत्तरच्या दुष्काळात हिरीत घागरभर पाणी ऱ्हायलं व्हतं. पाण्याच्या पाळीवरनं दोघांची भांडनं. भावजी गाळ काढाय खाली उतरलं आन् पायरीला हात घालून वर यायला लागलं, तर ह्यांनी वरनं दगूड घातला. हात सुटला. पुन्यांदा आलं, पुन्यांदा घातला. बांबूनं ढोसलं. म्या हितंच हुबी व्हते, अविराज कडेवर. भावजी वरडत व्हतं, झुंबऱ्या, बाजूला व्हय रं, मला वर येऊ दे."

"आणि मग?"

"चवथा टाळूवर बसला. मग आलंच न्हाईत वर. सांजच्याला ह्यांनी गाळ उपसला तर खाली काय बी न्हाय. ना माणूस, ना दगूड. लोकास्नी सांगितलं, मुंबैला गेलं."

सुप्रियाच्या हातातून कुरडई निसटली. तीन. तिनं स्वतःच्या हातानं तीन खडे टाकले होते. आपल्या हातांची तिला किळस वाटली. पण त्याच क्षणी एक गोष्ट तिला लख्ख कळली. चौथा खडा पडला नाही की झालं. अर्ज फाडून टाकायचे, उद्याच बारामतीला माहेरी घेऊन जायचं त्याला.

ती घरात धावली. अंथरूण रिकामं होतं.

भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.

विहिरीच्या काठावर अविराजच्या चपला होत्या. चपलांवर नवं घड्याळ. पाणी शांत होतं. आणि पायऱ्यांच्या तोंडाशी झुंबरतात्या उभे होते, हात लोंबते सोडून, खाली बघत.

"मामा, किती वेळ झाला?"

त्यांनी ऐकलं नाही. ते कुणाशी तरी बोलत होते. "दादा, म्या तुजं घर सांबाळलं. तुजी जमीन कसली. आता काय पायजे तुला?"

पाणी फुटलं.

आधी हात आला. डावा. शेवटच्या पायरीला धरलेला, तर्जनीचं नख काळं. मग भुवईवर तिचे चार टाके. अविराजच होता तो. तिचा नवरा. तिनं हाक मारायला तोंड उघडलं.

"बाजूला व्हा आबा," तो खालून म्हणाला. "मला वर येऊ द्या."

झुंबरतात्यांच्या तोंडातून जनावरासारखा आवाज निघाला. ते वाकले आणि काठाचा निखळलेला दगड त्यांनी दोन्ही हातांनी उचलला. "वर येऊ नगंस, दादा!"

सुप्रिया त्यांच्या अंगावर पडली. मनगटाला कडकडून चावली. तोंडात रक्ताची चव आली. म्हाताऱ्यानं कोपराच्या एका दणक्यात तिचा ओठ फोडला, तिला कडुनिंबाच्या बुंध्यावर भिरकावलं. ती उठली. पुन्हा धावली. त्यांच्या पायाला मिठी मारली.

दगड सुटला होता.

ओला नारळ फुटावा तसा आवाज झाला.

पायरीवरची बोटं एकेक करून सुटली. काळ्या नखाचं शेवटी.

ती त्याच्यामागे पाण्यात पडली. कमरेला डबा नव्हता, तरी ती बुडाली नाही. त्यानंच शिकवलं होतं. लाल पाण्यात चाचपडत राहिली. माणसं जमली तेव्हा तिला चौघांनी ओढून काढलं.

शेजारच्या वस्तीवरून आणखी दोन पंप आणून विहीर उपसली. दीड दिवस लागला. तळाला गाळ होता, आणि गाळात काही नव्हतं. ना अविराज, ना तो दगड, ना तिच्या तीन गारगोट्या.

इंदापूरला पोलिसांनी जबाब घेतले. हवालदारानं विचारलं, "बेपत्ता इसमाच्या अंगावर ओळखीच्या खुणा?" सुप्रिया बोलायच्या आत झुंबरतात्या बोलले. बोट, भुवई, कानामागं, टाळू. क्रमानं. बेपत्ता इसमाचं नाव विचारलं तर त्यांनी म्हस्कू सांगितलं. तीनदा विचारलं, तीनदा तेच. प्रेत सापडलं नव्हतं. सून म्हणत होती खून झाला, म्हातारा म्हणत होता मी भावाला मारलं, आणि भाऊ तर पंचवीस वर्षांपूर्वीच मुंबईला गेल्याचं सगळ्या गावाला माहीत होतं. बाराव्या दिवशी झुंबरतात्या जामिनावर घरी आले आणि आपल्या बाजेवर येऊन बसले.

सुप्रिया माहेरी गेली नाही. वडील दोनदा न्यायला आले, ती हलली नाही. तिनं एकच काम केलं. विहिरीभोवतीचा दगड न् दगड टोपलीत भरून बांधापलीकडे नेऊन टाकला. मातीचं ढेकूळसुद्धा ठेवलं नाही. मग रोज दुपारी पायऱ्यांच्या तोंडाशी, वरच्या पायरीवर बसू लागली.

उपसल्यापासून विहिरीत पाणी आलं नव्हतं. झरे आटलेच म्हणायचे. तळाच्या गाळाला भेगा पडल्या होत्या. पुण्याहून पाकीट आलं होतं: आरक्षण पक्कं, फक्त अविराजच्या अर्जातली खुणांची जागा भरून पाठवा. ती जागा तिनं तिथंच बसून भरली.

शेवटचा शब्द, टाळू, लिहून तिनं पेनाचं टोपण लावलं तेव्हा बारा वाजले होते. लाईट गेली. शेजारच्या वस्तीवरची मोटर थांबली आणि सगळीकडे शांत झालं.

खालून काहीतरी वर आलं. तिच्या चपलेशेजारी टप्पकन पडलं, दोनदा उडालं आणि थांबलं.

पांढरी गारगोटी होती. ओली.

कडुनिंबाखाली बाज करकरली. झुंबरतात्या उठून उभे राहिले होते आणि वाकून जमिनीवर हातानं काहीतरी शोधत होते. तिथं काहीही नव्हतं.

सुप्रियानं पदर सावरला, आणि ती पायरीवरून बाजूला झाली.