फॉर्मबाहेरचा रकाना

ही गोष्ट रचलेली नाही. जिच्या बाबतीत घडली ती ताई अजून त्याच खोलीत बसून काम करते. भुताखेतांवर तिचा तेव्हाही विश्वास नव्हता.

गुरुवार होता. दुपारचे साडेतीन. बाहेर लख्ख ऊन.

शिंप्याच्या दुकानावरची एक खोली. दोन टेबलं, दोन कॉम्प्युटर. दोघी बहिणी तिथे छोट्या धंदेवाल्यांसाठी प्रोग्रॅम बनवायच्या. पडद्यावरचे फॉर्म धाकटी मांडायची, बाकी सगळं ताई बघायची.

धाकटीला जाऊन सव्वादोन महिने झाले होते. सहा दिवसांचा ताप. शेवटच्या संध्याकाळी पलंगावरून ती म्हणाली होती, "ताई, मला तुला एक सांगायचंय."

"त्या दवाखान्याच्या फॉर्मचंच ना? ते मी बघते. तू गप्प पडून राहा बरं," असं म्हणून ताई औषधं आणायला खाली गेली.

परत आली तेव्हा सांगणारी उरली नव्हती.

तो फॉर्म जनावरांच्या दवाखान्यासाठी होता. आधी मालकाचं नाव, मग जनावराचं, मग वय. चाचणीसाठी धाकटीने एक बोका भरून ठेवला होता. नाव 'रावसाहेब'. तक्रार, 'कुणाचं ऐकत नाही'. ते वाचून ताईला हसू आलं.

तेवढ्यात शिंपीकाका जिन्यावरून डोकावले.

"मदतीला कुणी ठेवलीस का गं?"

"नाही काका. का?"

"खाली दोन कीबोर्डांचा आवाज येतोय. जेवण झाल्यापासून."

ताईने धाकटीच्या टेबलाकडे पाहिलं. तिथल्या कीबोर्डची वायर काढून तिनेच ती त्याच्याभोवती गुंडाळून ठेवली होती. वर धुळीचा थर होता.

"माझाच येत असेल," ती म्हणाली.

काका खाली उतरले.

ती फॉर्म तपासू लागली. मालकाचं नाव... मग पुढच्या रकान्यात नेणारी टॅबची कळ. कर्सर जनावराच्या नावावर आला. पुन्हा टॅब...

कर्सर नाहीसा झाला.

आणखी एकदा टॅब. आता तो वयावर होता.

म्हणजे मध्ये आणखी एक रकाना होता. न दिसणारा.

असं होतं कधीकधी. एखादा रकाना दुसऱ्याच्या मागे जातो, एखादा लपवून ठेवलेला तसाच राहून जातो. तिने फॉर्म डिझाइनमध्ये उघडून सगळ्या रकान्यांची यादी काढली. अगदी तळाशी एक अनोळखी सापडला. तो दिसू नये असं ठरवलेलं होतं. तिने ते बदललं.

तरीही फॉर्मवर काहीच नाही...

मग तिने त्याच्या जागेचे आकडे पाहिले. डावीकडचा आकडा उणे होता. रकाना फॉर्मच्या कडेबाहेर होता. कुणी दाराबाहेर उभं राहावं तसा.

धाकटीचंच काहीतरी, असं म्हणत तिने ताप यायच्या आधीची प्रत उघडली.

त्या प्रतीत हा रकाना नव्हताच.

आणि त्यानंतर त्या फाइलला ताईशिवाय कुणी हात लावला नव्हता.

तरी तिने उणे आकडा खोडून शून्य केला. रकाना आत आला. तिने प्रोग्रॅम चालवला.

रकान्यात दोन शब्द होते.

"ऐकतेस का"

ताईने खुर्ची पुढे ओढली. मग त्याच्यापुढे तिने लिहिलं, "ऐकते गं. बोल. तेव्हा काय सांगायचं होतं?"

कर्सर लुकलुकत राहिला. खालचं शिलाई मशीन थांबलं...

टक.

आवाज पाठीमागून आला. धाकटीच्या टेबलावरून.

टक... टक...

ताईने मान वळवली नाही. भीती वाटत होती, हे खरं. पण वळून पाहिलं तर ती बोलायची थांबेल, याची भीती जास्त होती.

पडद्यावर उमटलं, "तुला". मग ते पुसलं गेलं.

"तुला त्या". तेही पुसलं गेलं.

सांगू की नको, असं कुणाचं तरी चाललं होतं.

बराच वेळ काहीच नाही. मग एकदम...

"असू दे"

आणि आवाज थांबला.

"असू दे काय? सांग ना," ताईने लिहिलं. मग तोंडाने विचारलं. मग रडत विचारलं. उत्तर आलं नाही. संध्याकाळी प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला, तर यादीत तो रकाना नव्हता. फॉर्म दवाखान्याला गेला. नीट चालतोय.

'असू दे' हे माणूस रागावूनही म्हणतं आणि मायेनेही म्हणतं. समोर असेल तर सुरावरून कळतं. पडद्यावर सूर नसतो.

खोलीत एकटी असली की ताई ते दोन शब्द मोठ्याने म्हणून बघते. कधी असे, कधी तसे.

धाकटी ते कसे म्हणाली असेल, हे तिला अजून कळलेलं नाही.