फळ्यांच्या पलीकडे

जेवणाची सुट्टी संपली तसा मुकादम मेहुण्याला घेऊन सांडपाण्याच्या बोगद्यात उतरला. काम रोजचंच होतं. खोदाईच्या तोंडावर ठोकलेल्या फळ्या तपासायच्या, त्या काढायच्या आणि पुढे खोदायचं. इथली वाळू पाण्याने गच्च भरलेली. फटींतून पाणी झिरपलं तर चालतं. वाळू वाहू लागली की खोदणारा जागीच गाडला जातो. म्हणून फटींत बारदानाचे बोळे कोंबत. सगळ्यात पुढे खोदायचा तो मेहुणा, मुकादमाच्या बायकोचा एकुलता एक भाऊ.

"दाजी, आज फळ्या नका काढू. हे बोळे माझे नाहीत."

"मग काय सासूबाई येऊन लावून गेल्या?"

सकाळपासून याची कारणं चालू होती. आधी पोट दुखत होतं, मग वास येत होता. गड्याला काम टाळायचंय, मुकादमाने ताडलं.

"बोळा ओढून काढायला मी त्याला शेपूट ठेवतो ना? बघा, एकालाही नाही."

मुकादमाने बॅटरी जवळ नेली. बोळे पलीकडून कोंबल्यासारखे अलीकडे फुगले होते. पाणी उपसायचा पंप बंद असूनही फळ्या कोरड्या. आणि वास होता ताज्या कापलेल्या लाकडाचा.

"नाटकं तुझीच."

"ताईची शपथ, दाजी."

मुकादमाने एक बोळा अंगठ्याने रेटला. तो हलेना. मग पलीकडून तेवढ्याच जोराने अंगठा मागे रेटला गेला...

"पाण्याचा दाब असेल," तो पुटपुटला. त्याचं त्यालाच पटलं नाही.

एवढ्यात हातोडा वाजू लागला. घाईघाईने. मुकादमाची नजर आधी मेहुण्याच्या हातांवर गेली. ते रिकामे होते. फळीतून खिळ्याचं टोक अलीकडे आलं. मग दुसरं.

"दाजी... ते आपल्याला अडवतायत?"

"बोलू नकोस. बाहेर निघ. आधी तू."

पाठ फळ्यांकडे करून मुकादम त्याच्यामागे सरपटत निघाला.

वर आल्यावर तो साहेबाला म्हणाला, "मला काढून टाका, पण तिथे माणूस घालणार नाही." साहेब भडकला, चिडला, शेवटी तोंड काँक्रीटने बुजवायला तयार झाला. काँक्रीटची नळी धरायला मुकादम स्वतः गेला. फळ्या काँक्रीटखाली जाऊ लागल्या तसे ठोके थांबले. मग शेवटच्या उघड्या फळीवर, पलीकडून, उघड्या तळव्याने कुणीतरी हलकेच थोपटलं... मनासारखं काम झालं की मुकादम गड्याची पाठ थोपटतो, तसं.