सगळ्या एकच बाई

ए, मध्ये बोलू नकोस, फक्त ऐक! मनोरुग्णांचा तीव्र वॉर्ड. पेशंट अगदी भडकलेला असताना आणतात ना, तो. तिथे प्रत्येक नर्सच्या कानात ‘समीपक’ नावाचं बोलणारं यंत्र. पेशंटजवळ कुठल्या बाजूनं जायचं, किती लांब थांबायचं, काय बोलायचं, सगळं तेच सांगणार. नर्सेस त्याला कानातली सासू म्हणायच्या.

आणि तिथल्या पेशंट शालनमावशी! कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसायच्या. जेवण नाही, गोळ्या नाहीत. म्हणायच्या, “तुम्ही सगळ्या एकच बाई आहात. तोंडं बदलून येता.”

“भ्रम पक्का झालाय,” डॉक्टर कोपरकर म्हणाले. “उद्यापासून हातपाय धरून इंजेक्शनं द्यायची.”

एस्तेर सिस्टरला मात्र शंका आली. “सर, हे समीपक शिकतं कुठून?”

“छतावरच्या कॅमेऱ्यांतून. एखादीच्या ज्या वागण्यानं पेशंट शांत झाला, ते सगळ्यांना शिकवतं.”

“म्हणजे आम्ही सगळ्या मावशींकडे डावीकडूनच जातो, मान तशीच तिरकी, तेच ‘बसू का?’ मग त्या खोटं काय बोलतायत?”

“सिस्टर, तुमच्यासाठीपण एक खाट टाकू का?”

झालं! एस्तेरनं सासूला खिशात कोंबलं आणि चहा-पोळी घेऊन तडक मावशींच्या खोलीत. पण घाबरून अशी अडखळली की निम्मा चहा सांडला. “अगं आई गं!”

मावशी टक लावून बघत राहिल्या. मग खुदकन हसल्या! “तू त्यातली नाहीस गं. धांदरट कुठली!” गोळी घेतली, पोळी खाल्ली. इंजेक्शनं रद्द!

दुसऱ्या दिवशी सासूला परत कानात घालून एस्तेर चहा घेऊन दाराशी येते, तर आत रुबिना सिस्टर. जिच्या हातून कधी थेंब सांडत नाही, ती रुबिना. ती अडखळली. निम्मा चहा सांडला. “अगं आई गं!”

मावशींचं हसू मावळलं. सरकत सरकत त्या परत भिंतीला टेकल्या आणि दारातल्या एस्तेरकडे बघायला लागल्या.

“बघा, तुमची पद्धत सगळ्यांना शिकवली,” मागून कोपरकर खुशीत म्हणाले. “आज नाही शांत झाल्या, तर मात्र इंजेक्शन.”

एस्तेरच्या कानात सासू बोलली, “अडखळा.”

तिनं ती उपटून काढली. पण वर कॅमेरा होताच. आता ती जे काही करेल, त्यानं मावशी शांत झाल्या, की उद्या सगळ्या तेच करणार. आणि नाही झाल्या, तर सुई.

मावशी बघतायत. चहा गार होतोय.

सांग ना, तू असतीस तर कशी गेली असतीस आत?