सावळेरामच्या गिरणीतला ठोका

हसा, हसा. शौर्या, तुला लई हसाया येतंय ना, मंग आज वड्याच्या वाटेनं घरी तूच पुढं चालायचं, बॅटरी न लावता. आरं, मी काय ऐकीव सांगत न्हाई. परवेज मास्तरांच्या ऑर्केस्ट्राचा टेम्पो मी अकरा वर्षं चालवला, आन् ज्याच्यावर हे बेतलं तो गोरख केबिनमधी माझ्या शेजारी बसायचा. ऐकायचं असंल तर गप बसा.

गोरख पिंपरी पेंढारचा. बेस गिटार वाजवायचा, चार जाड तारांची. लोकांचं तिच्याकडं ध्यान नसतं, पण ती बंद पडली की सगळं गाणं लंगडं व्हतं. हात गोड व्हता त्याचा. पण एकच खोड, लय पळायची. गाणं रंगात आलं की हा गडी ढोलकीच्या पुढं. सन नव्याण्णवला मास्तरांनी त्याला जुन्नरला घरी बोलावलं आन् तोंडावर सांगितलं, "बेटा, दसऱ्याला पयला प्रोग्राम. तवर लय बसली तर तू, न्हाई तर मी दुसरा बघतो." घरी अश्विनी पोटुशी. आन् ह्याला दुसरं काय बी येत न्हवतं. तोंड बारीक करून आला बिचारा.

पण मास्तर दिलदार माणूस. रियाज त्यांनीच बांधून दिला. रोज दोन तास, खाडा न्हाई. पयला अर्धा तास मोकळ्या तारा, सावकाश. मंग अर्धा तास सरगम, चढती-उतरती. मंग अर्धा तास दोनच गाणी, तिसरं न्हाई. आन् शेवटचा अर्धा तास एकच सूर, एक-दोन-तीन-चार मोजत. मास्तर म्हणले, "ह्यो शेवटचा तुकडा लई कंटाळ्याचा, पण खरी कमाई तिथंच. लय पळाली की परत एकपासनं."

आता घरी ठोका धरायला कोण? गोरखनं डोकं लढवलं. सावळेरामची डिझेलवरची गिरणी सांजच्याला साडेसात ते साडेनऊ चालायची. इंजनावरनं जात्यावर जाणारा तो लांब पट्टा, त्याचा जोड दर फेरीला चाकावर आपटायचा. ठप्प. ठप्प. एकसारखा. शेजारच्या पोत्यांच्या खोलीत गोरख बसायचा, गिटारीच्या लाकडावर हनुवटी टेकवायचा, म्हंजे इंजनाच्या आवाजातबी सूर हाडातनं कानात जातो. पंधरा दिवसांत हात असा बसला की मास्तरबी चाट पडले.

ती रात्र आठ ऑक्टोबरची, शुक्रवार. पितृपंधरवड्यातली चतुर्दशी. त्या दिवशी घातानं गेलेल्यांचं पान वाढत्यात. गिरणीत सोळा वर्षांमागं सावळेरामचा चुलता रखमाजी गेला व्हता. धोतराचा सोगा पट्ट्यात गेला, पट्टा त्याला घेऊन फिरला, आन् दर फेरीला भिंतीवर आपटत राहिला. गावानं तो ठोका ऐकला, आन् गिरणी चालू हाय म्हणून कूस बदलली. डिझेल संपलं तवा थांबला. त्याला ना बायको ना पोर. पान सावळेरामनं वाढायचं, ते तो विसरला. आता काय म्हणावं ह्या माणसाला!

नऊ वाजता डिझेल संपलं. सावळेराम कॅन घेऊन मोटारसायकलवर आळेफाट्याला निघाला. "गोरखभाऊ, अर्ध्या तासात आलोच. बसतो का घरी जातो?"

"शेवटचा तुकडा राहिलाय. उरकतो," गोरख म्हणला.

डोळं मिटलं. एक... दोन... आन् ठोका मिळाला. भिंतीपलीकडनं. ठप्प. ठप्प. त्याला वाटलं, आला वाटतं सावळेराम. दहा मिनिटं त्या ठोक्यावर वाजवलं. मंग ध्यानात आलं. इंजनाची घरघर न्हाई. धुराचा वास न्हाई. नुसता ठोका. आन् तो कोरडा न्हाई... वला.

उठला. गिटार गळ्यातच. बॅटरी लावली. मधलं दार लोटलं.

इंजन गार. पट्टा मात्र फिरत व्हता. पट्ट्यावर माणूस व्हता. हात मागं मोडलेलं. वर गेला. खाली आला. तोंड भिंतीवर. ठप्प. परत वर...

"मंग?" म्हणतोस व्हय शौर्या, आता का रं हसत न्हाईस?

गोरख पळाया वळला. मागनं कुणीतरी मान धरली. उचलला. भिंतीवर घातला. डाव्या खांद्याचं हाड मोडलं, ते त्यानं सोताच्या कानानं ऐकलं. परत घातला. बरगड्या. धडपडीत उजवी बोटं तारंवर पडली... सूर निघाला. बरोबर ठोक्यावर.

मानंवरची पकड सुटली.

गोरख समजला. सूर ठोक्यावर, तर मार पट्ट्यावरच्याला. सूर पुढं पळाला, तर मार ह्याला. डावा हात लोंबत व्हता. मोकळ्या तारंला एक हात पुरतो. वाजवत राहिला. एक. दोन. तीन. चार. आन् भ्याला माणूस घाई करतो...

पळाला. तोंड भिंतीवर. परत एकपासनं.

पळाला. तोंड भिंतीवर. नाक गेलं. परत एकपासनं.

तिसऱ्यांदा पळाला. त्यानंतर... न्हाई. केसभर न्हाई. अश्विनीचं नाव घेत एकेक सूर टाकत राहिला.

सावळेरामची गाडी पंक्चर. आला तवा साडेबारा. गोरख भिंतीला टेकून बसलेला, तोंड रगतानं भरलेलं, बोटांची सालं निघालेली, आन् हात चालूच.

"गोरखभाऊ! आरं, ह्ये काय केलंस!"

हात थांबंना. सावळेरामला तर कसलाच ठोका ऐकू येत न्हवता. गोरखनं त्याच्या मागं, चाकाकडं बघितलं. लेकरावानी इचारलं, "थांबू का?"

...

मंग तिकडनं व्हय आल्यावानी गोरखनं मान हलवली, आन् हात खाली पडला.

मास्तरांनी त्याची जागा तुळशीच्या लग्नापतोर राखली. त्यानंतर गोरख कितीक वर्षं वाजवत व्हता, पण लय कधी पळाली न्हाई. लोक म्हणायचे, रियाज असावा तर असा.

पण ऐका. नारायणगावला दवाखान्यात डॉक्टरनं त्याचं तोंड धुतलं. ओठ फाटलेलं, नाक मोडलेलं. दात सगळे जागच्या जागी, एक बी हललेला न्हाई. आन् सकाळी सावळेराम भिंत धुवाया गेला. घट बसायचे म्हणून चारच दिवसांमागं नवं शिमिटाचं प्लास्टर केलेलं. त्यात माणसाच्या तोंडाच्या उंचीला तीन दात रुतलेले. पिवळे, झिजलेले, म्हाताऱ्याचे. कडंला रगत, ते बी वलं. सावळेरामनं मला बोलावून घेतलं. मी ह्या हातानं पकड लावून ओढले. निघाले न्हाईत.