तापलेल्या आभाळातली हाक

त्या दिवशी मी जरा लवकरच निघाले होते. रेडिओच्या खोलीतला पंखा फार कुरकुरायचा, म्हणून वाटेत तेलाची कुपी घेतली. बंदरावरच्या त्या खोलीत माझी दुपारची पाळी असायची. लांब समुद्रात गेलेल्या मासेमारी बोटींशी बोलायचं, हवामान सांगायचं, निरोप घरोघरी पोचवायचे. माझा धाकटा भाऊ अशाच एका बोटीवर इंजिन सांभाळायचा.

आमचे साहेब म्हातारे होते. सगळे त्यांना तारमास्तर म्हणत.

"आज रेडिओवर बोटी लागायच्या नाहीत," ते म्हणाले. "सूर्याला शिंक आली की पडसं आपल्या रेडिओला होतं."

सौर वादळाचा इशारा सकाळीच आला होता. आपला आवाज लांबच्या बोटीपर्यंत सरळ जात नाही. तो वर जातो, हवेच्या अगदी वरच्या थरावर आपटतो आणि चेंडूसारखा खाली येतो. असं वादळ आलं की तो थर तापतो, फुगतो, जागोजागी विरतो. मग आवाज आरपार निघून जातो, नाहीतर भलतीकडेच जाऊन पडतो.

"आणि भलतीकडचा आपल्याकडे?" मी सहज विचारलं.

मास्तर चष्मा पुसत राहिले.

दुपारभर नुसती खरखर. संध्याकाळी समुद्रावर धुकं उतरलं, तसे मास्तर भोंगा सुरू करायला दीपगृहाकडे गेले. सूर्य बुडाला होता, तरी सौर वादळानं उत्तरेकडे चढलेली लाली जाईना. तापलेल्या तारांचा वास खोलीत कोंडला होता. माझा जीव थाऱ्यावर नव्हता, कारण भावाची बोट त्याच सुमारास परतायची होती आणि बंदराच्या तोंडाशी खडक होते.

अचानक खरखर थांबली.

"ताई... ऐकतेस ना?"

भावाचाच आवाज. माझ्या जिवात जीव आला.

"जीपीएस काहीतरी भलतंच दाखवतंय. काही दिसत नाही. पुढे येऊ का?"

मी बटण दाबणार, तोच पुन्हा त्याचाच आवाज आला. पण दबका, जवळून आल्यासारखा.

"ताई, त्याला पुढे बोलावू नकोस... मी इकडे आहे."

मी बटण दाबलं. कसंबसं विचारलं, "आई तुला काय म्हणायची?"

"भोपळा."

दोघांनी एकदमच सांगितलं. एक जण सांगून हसला. दुसरा हसला नाही.

कोण खरा, ते मला ठरवता येईना. आणि चुकले असते तर भाऊ गेला असता. शेवटी दोघांनाही एकच सांगितलं, "आहात तिथेच नांगर टाका. धुकं विरेपर्यंत हलू नका. मी काहीही म्हटलं तरी हलू नका."

ते शेवटचं वाक्य तोंडातून का गेलं, देव जाणे. त्यानंतर पुन्हा खरखर सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर बोट धक्क्याला लागली. भाऊ तडक रेडिओच्या खोलीत आला. मी त्याचे दोन्ही दंड घट्ट धरले. त्याचा चेहरा उतरलेला होता.

"तू सांगितलंस म्हणून नांगर टाकला," तो म्हणाला. "पण मग तूच परत बोलावत होतीस. पुढे ये, मी खडकावर उभी आहे, म्हणून... किती वेळ, ताई."

"तू काय केलंस?"

"कान झाकून बसलो. तेवढ्यात शेजारून एक बोट पुढे गेली. अगदी आमच्यासारखी. इंजिनाचा ठोकाही आमचाच."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. बंदरातल्या सगळ्या बोटी परत आल्या होत्या.

वादळ शमलं होतं. आभाळ स्वच्छ, रेडिओही स्वच्छ. त्या लख्ख शांततेत स्पीकर बोलला.

"ताई... पोचलो. तू दिसतेस. हात दे."

भाऊ माझ्या शेजारीच उभा होता, ओठ मिटून.

"ओ देऊ नकोस," मास्तर पुटपुटले.

मी बटणाला हातही लावला नाही. तरी त्या स्पीकरमधून, माझ्याच आवाजात, अगदी मायेनं उत्तर आलं.

"ये."