खुर्चीतली घुरघुर

जुन्या सोफ्या-खुर्च्यांना नवं कापड चढवणाऱ्या त्या कारागिराच्या डोक्याला एकच ताप होता: घरची म्हातारी मांजर, बाईसाहेब. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खुर्चीची बैठक शिवून होते न होते तोच बाईसाहेब तिच्यावर चढायच्या आणि दोन्ही पंज्यांनी कणीक तिंबावी तसं नवंकोरं कापड तिंबायच्या. "आली तपासनीस!" असं खेकसून तो त्यांना हाकलायचा आणि नखांनी उपसलेले धागे चरफडत आत दाबायचा.

हल्ली बाईसाहेब कशावरच चढत नव्हत्या. खाणं सुटलं होतं, अंग चाटणं सुटलं होतं. सारखा अंधारा कोपरा शोधायच्या.

"पण घुरघुरते ना अजून," त्याची बायको मांजरीला तपासायला घरी आलेल्या डॉक्टरीणबाईंना म्हणाली.

"शेवटीही घुरघुरतात. स्वतःलाच धीर देतात. पंजे गार पडले, हाकेला कान हलेना, की समजा जवळ आलं."

"एकटी जायला नको हो, एवढंच."

कारागिराने नुसता सुस्कारा सोडला. वकीलसाहेबांची आरामखुर्ची संध्याकाळी द्यायची होती आणि इथे मांजरीचं कौतुक चाललं होतं.

दुपारी त्याने बैठकीचा शेवटचा टाका घालून दोरा तोडला, आणि खुर्चीतून घुरघुर ऐकू आली.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बया काथ्यात शिरून बसली आणि आपण तिला आतच शिवून टाकली! शिव्या मोजत त्याने शिवण उसवली. काथ्या, कापूस, स्प्रिंगा. मांजर नव्हती. आवाजही थांबला.

"अगं, बाईसाहेब कुठे आहेत?" तो ओरडला.

"माझ्या मांडीवर," बायको आतून म्हणाली. "का हो?"

"काही नाही!"

पुन्हा शिवली. पुन्हा घुरघुर. पुन्हा उसवून त्याने कोपरापर्यंत हात घातला. काही नाही. मांजरीला, वकिलाला आणि स्वतःच्या कानांना लाखोली वाहत त्याने परत सुई ओवली. या वेळी आवाज पहिल्या टाक्यालाच सुरू झाला, आणि शिवण पूर्ण होईपर्यंत थांबला नाही.

बायको दारात आली. मांजर तिच्या हातांवर सैल पडली होती. "अहो, पंजे गार पडलेत हिचे. घुरघुरसुद्धा..." ती थबकली. तिलाही ऐकू आलं.

तिने हातातल्या मांजरीकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "तुम्ही तिथे बसा. मी हिच्यापाशी बसते."

"खुर्चीपाशी बसू? मला कामं नाहीत?"

ती मांजरीला घेऊन आत गेली.

तो धुसफुसत बसला. बैठकीवर हात ठेवला. कापड ऊबदार होतं. हात काढावासा वाटेना, आणि त्याचाही त्याला राग आला.

आतून हुंदका आला. "गेली हो."

हाताखालची घुरघुर चालूच होती.

फोन वाजला. वकीलसाहेब होते. "झाली का खुर्ची? पाठवू का माणूस?"

"आज नको."

"आता काय निघालं?"

"खुर्ची रिकामी नाही," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

त्याने हात उचलला नाही. तळव्याखाली कापडातून नखांची बारीक टोकं वर येत होती. आधी डावीकडे, मग उजवीकडे. आतून.