शंकेची पाल

पाळीव प्राण्यांच्या दुकानात अळ्यांचा डबा एकच उरला होता आणि त्यावर हात पडले दोघांचे.

"आधी मी!" ती म्हणाली. "माझा नर उपाशी आहे."

"आणि माझी मादी काय जेवून झोपलीये?" तो हसला.

बोलता बोलता कळलं, दोघांकडेही पाली! भिंतीवरच्या नव्हेत हो, हौसेने पाळायच्या, जाड शेपटीच्या. दोन्ही पिवळसर पांढऱ्या, अंगावर एक काळा ठिपका नाही. तिचा नर मामाचा. "हे घराणं टिकव गं," एवढंच सांगून मामा गेला, आणि पेटीवर घराण्याचं नावही त्यानेच लिहिलेलं. ह्याची मादी नेमकी त्याच घराण्यातली निघाली! दोघं एका घराण्यातली असली तरच पिल्लं पांढरी होतात. घराणी वेगळी असली, की पांढरा रंग आत दडून बसतो आणि पिल्लं साधी, काळपट निघतात.

मादी तिच्याकडे राहायला आली, आणि मादीची चौकशी करायला तो... रोज संध्याकाळी, आपलं चष्म्याचं दुकान बंद करून.

"अगं, तुझा पालवाला आलाय!" मामी लांबूनच ओरडायची. पालीचं नाव काढलं तरी तिच्या अंगावर काटा यायचा.

मादीने दोन अंडी घातली. उबवणीच्या पेटीचं झाकण उचलताना बोटांना बोटं लागायची... आणि मग दोघंही उगाचच थर्मामीटर बघत बसायचे.

अखेर अंडी फुटली. दोन पिल्लं, दोन्ही काळपट पट्ट्यांची.

म्हणजे मामा चुकीचं नाव लिहून गेला होता! घराणं तर टिकलं नाहीच, आता हा मादी घेऊन जाईल, आणि संध्याकाळी दार वाजणार नाही...

"जुळलं नाही," ती कशीबशी म्हणाली. "तुमचा हंगाम फुकट गेला. न्या तुमची मादी."

"मला पहिल्याच दिवशी वाटलं होतं," तो चष्मा पुसत म्हणाला. "तुमच्या नराचे डोळे रुपेरी, माझ्या मादीचे लाल. डोळे बघण्याचाच धंदा आहे हो माझा! तेव्हाच मनात शंकेची पाल चुकचुकली."

"आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात?"

"बोललो असतो, तर पुन्हा कुठल्या निमित्ताने आलो असतो?"

रागवायचं म्हणून तिने कपाळाला आठ्या घातल्या, पण हसूच फुटलं.

"आणि मामाचं घराणं?"

"आहे की! ह्या काळ्या पोरांत दोन्ही घराणी दडलीत. मोठी झाली की त्यांच्या पोटी पांढरी पिल्लं येतील. पण वेळ लागेल... दीड-दोन वर्षं तरी." तो अडखळला. "मी येत राहू? की... तुमच्या मामींना विचारून कायमचंच ठरवू?"

तिने पेटीवरच्या मामाच्या अक्षराकडे पाहिलं. मामा, तुझे उपकार कसे फेडू रे! चुकलास, ते किती बरं केलंस.

"विचार ना," ती हळूच म्हणाली. 'विचारा' नव्हे, 'विचार'. त्याने ते बरोब्बर ऐकलं. पुसलेला चष्मा तो पुन्हा पुसू लागला.

"अगं, गेला का तो पालवाला?" बाहेरून मामीचा आवाज आला.

"नाही गं मामी," ती म्हणाली, "हा आता जायचा नाही."